टर्मिनलमधला रंगीत वाचक

आजचा विषय जाहीर झाल्यापासून दोन प्रकारचे निरोप आले. तत्त्वज्ञानाच्या मंडळींनी विचारलं, हे टर्मिनल आणि एडिटर आपल्या व्याख्यानमालेत कशाला? आणि संगणकाच्या मंडळींनी विचारलं, यावर तासभर बोलण्यासारखं काय आहे, एक ओळ लिहिली की रंग येतात. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून आधी ती एक ओळ सांगून टाकतो.

टर्मिनलमध्ये मजकूर लिहायला दोन एडिटर सर्रास वापरतात. एक नॅनो, दुसरा विम. विममध्ये तुमच्या घरच्या फोल्डरात 'डॉट विमआरसी' नावाची फाईल करायची आणि तिच्यात लिहायचं, 'सिंटॅक्स ऑन'. झालं. 'सिंटॅक्स एनेबल' असंही लिहिता येतं. फरक एवढाच, की 'ऑन' तुम्ही ठरवलेले रंग पुसून स्वतःचे बसवतो, 'एनेबल' तुमचे राहू देतो. उबुंटूवर सुरुवातीला जो विम असतो तो 'टायनी' म्हणजे छोटा असतो, त्याला हे शिकवलेलंच नसतं. तो 'ही आज्ञा या आवृत्तीत नाही, माफ करा' असं नम्रपणे सांगतो. मग पूर्ण विम बसवायचा. नॅनोमध्ये 'डॉट नॅनोआरसी' फाईल करायची आणि 'इन्क्लूड' लिहून पुढे नियमांच्या फायली जिथे ठेवलेल्या असतात तो पत्ता द्यायचा. बऱ्याच ठिकाणी हे आधीच करून ठेवलेलं असतं.

बसवणं संपलं. आता परीक्षण सुरू. मी याला परीक्षण का म्हणतो? हे रंग म्हणजे सजावट नव्हे, हे एक वाचन आहे. तुम्ही फाईल उघडायच्या आधी कुणीतरी ती वाचलेली असते, आणि 'हा शब्द महत्त्वाचा, हे नुसतं नाव, हे बाजूला ठेवा' असं रंगानं सांगून ठेवलेलं असतं. कुणी आपल्यासाठी वाचत असेल तर तो कसा वाचतो हे तपासायला नको का? आपण भाष्यकाराला तपासतो, अनुवादकाला तपासतो. मग यालाच सूट का?

पहिली गोष्ट. रंग फाईलमध्ये नसतो. तीच फाईल 'कॅट' या आज्ञेनं पडद्यावर ओता, सगळी एका रंगात येते. आपल्याकडे वेदान्तात स्फटिक आणि जास्वंदीचा दृष्टान्त आहे. स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली की स्फटिक तांबडा दिसतो. तांबडेपणा स्फटिकाचा नाही, शेजारच्या उपाधीचा. इथे फाईल हा स्फटिक आणि एडिटर ही जास्वंद. आणि गंमत अशी की जास्वंदीलाही स्वतःचा नक्की रंग नाही! एडिटर टर्मिनलला एक सांकेतिक अक्षरमाला पाठवतो. एकतीस म्हणजे लाल, चौतीस म्हणजे निळा. निळा म्हणजे नेमका कोणता, हे टर्मिनल ठरवतो. म्हणून काळ्या पडद्यावर गडद निळ्या टिप्पण्या येतात आणि डोळे ताणून वाचाव्या लागतात. विमला पार्श्वभूमी उजळ आहे असं वाटलेलं असतं. त्याला 'सेट बॅकग्राउंड डार्क' सांगितलं की तो टिप्पण्यांना उजळ रंग देतो. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना वाटतं रंग बिघडला. बिघडलेलं काही नसतं, पाहणारा आणि दाखवणारा यांची पार्श्वभूमीबद्दल एकवाक्यता झालेली नसते, एवढंच.

आता हा वाचक वाचतो कसा? इथे जरा रेंगाळणार आहे, कारण खरी मजा इथे आहे.

नॅनोच्या नियमांच्या फाईलमध्ये एकेक ओळ असते. रंग, आणि पुढे एक साचा. या साच्यांना रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. ही कल्पना मुळात संगणकवाल्यांची नाही, तर्कशास्त्रज्ञाची आहे. स्टीफन क्लीनी यांनी १९५१ साली ती मांडली, १९५६ मध्ये ती छापून आली. तर्कशास्त्राचे विद्यार्थी क्लीनी यांना त्यांच्या १९५२ च्या मेटामॅथेमॅटिक्सवरच्या पुस्तकामुळे ओळखतात. पुढे केन थॉम्पसन यांनी ती कल्पना एडिटरमध्ये आणली, आणि आज तुमच्या पडद्यावरचा प्रत्येक रंग त्या तर्कशास्त्राचं नातवंड आहे.

एकाच शब्दाला दोन साचे लागू पडले तर? नॅनो म्हणतो, नियम लिहिलेल्या क्रमानं लावतो, नंतरचा आधीच्यावर रंग फासतो. विमही, दोन साचे एकाच जागी सुरू होत असतील तर शेवटी सांगितलेल्याला मान देतो. फक्त 'कीवर्ड' म्हणून दिलेले शब्द या सगळ्यांच्या वरचे. हे ऐकून इथल्या संस्कृतवाल्यांच्या भुवया उंचावल्या असतील. दोन सूत्रांत विरोध आला तर परचं, म्हणजे नंतरचं सूत्र लागू करावं, ही पाणिनीची परिभाषा आहे. मी असं म्हणत नाही की विम लिहिणाऱ्या ब्राम मोलेनार यांनी अष्टाध्यायी वाचली होती. 'आमच्याकडे सगळं होतंच' हा खेळ मला आवडत नाही. नियमांनी भाषा बांधायला बसलं की काही अडचणी कुठेही त्याच येतात, म्हणून उत्तरंही सारखी निघतात, इतकंच.

पण साचा शब्द ओळखतो, वाक्य ओळखत नाही. मीमांसकांमध्ये यावर मोठा वाद झाला होता. कुमारिल भट्टांचा पक्ष अभिहितान्वयवाद. प्रत्येक शब्द आपापला अर्थ सांगून मोकळा होतो, मग त्या अर्थांचा एकमेकांशी अन्वय लागतो. प्रभाकरांचा पक्ष अन्विताभिधानवाद. सुटा शब्द सुटा अर्थ सांगतच नाही, वाक्यात जोडलेला असतानाच तो अर्थ सांगतो. नॅनो आणि जुना विम हे ढोबळमानानं कुमारिलांच्या बाजूचे, फक्त पहिल्या पायरीवरच थांबणारे. शब्द दिसला, रंग दिला, अन्वय तुमचा तुम्ही लावा. कंस किती खोल गेले, हे शुद्ध साच्याला मोजता येत नाही. चॉम्स्कींनी १९५६ मध्ये व्याकरणांची उतरंड लावताना हेच दाखवलं. विमनं यावर तोडगा म्हणून 'रीजन' आणले, एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचा पट्टा, आणि पट्ट्यात पट्टा.

त्यामुळे विमची एक लकब दिसते. मोठ्या फाईलच्या एकदम मध्यावर उडी मारा. कधी कधी सगळा कोड अवतरणातला मजकूर असल्यासारखा एकाच रंगात रंगलेला दिसतो. कारण विम वेळ वाचवायला फाईल पहिल्यापासून वाचत नाही, थोडं मागे जाऊन अंदाज बांधतो. प्रकरण मध्येच उघडून मत देणारा परीक्षक आपण पाहिलेला आहे. (हशा) 'सिंटॅक्स सिंक फ्रॉमस्टार्ट' असं सांगितलं की पहिल्या ओळीपासून वाचतो, पण मग हळू होतो. आणि रंगवायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रंगकाम सोडूनच देतो.

प्रभाकरांचा पक्ष एडिटरांत उशिरा आला. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांचं 'ट्री-सिटर' हे साधन संपूर्ण फाईलचं वाक्यविश्लेषण करून झाड तयार करतं, तुम्ही एक अक्षर बदललं की झाडाचा तेवढाच भाग दुरुस्त करतं, आणि मग शब्दाला त्याच्या फांदीवरच्या जागेप्रमाणे रंग देतं. विमचा पुढचा अवतार निओविम, त्याच्या ०.५ आवृत्तीत २०२१ साली हे आलं. तोच शब्द फंक्शनचं नाव म्हणून आला तर एक रंग, नुसतं चल म्हणून आला तर दुसरा.

मग ट्री-सिटर आल्यावर प्रश्न मिटला का? नाही, आणि माझा आजचा मुख्य मुद्दा हाच आहे.

वाक्यातून अर्थबोध व्हायला तीन गोष्टी लागतात असं आपल्याकडे सांगतात. आकांक्षा, योग्यता, संनिधी. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' यात आकांक्षा नाही, एका शब्दाला दुसऱ्याची भूक नाही. सकाळी एक शब्द आणि संध्याकाळी दुसरा बोललात तर संनिधी नाही. आणि 'तो विस्तवानं झाडं शिंपतो' यात आकांक्षा आहे, संनिधी आहे, व्याकरण चोख आहे, पण योग्यता नाही. विस्तवानं शिंपता येत नाही.

रंग आकांक्षा उत्तम दाखवतो. याबद्दल त्याला पूर्ण गुण. पायथॉनमध्ये अवतरणचिन्ह उघडून बंद करायचं विसरलात तर विममध्ये तिथून खालचं सगळं अवतरणाच्या रंगात बुडतं. उघडलेली खूण बंद होण्याची वाट बघतेय, हे डोळ्याला तत्क्षणी कळतं. पण योग्यता? तिथे रंग आंधळा आहे.

हे काही हवेतलं नाही. २०११ साली लिनक्ससाठी बंबलबी नावाच्या एका प्रकल्पात, एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांसाठीचा तो प्रकल्प होता, एका स्क्रिप्टमध्ये एक फोल्डर पुसण्याची आज्ञा होती. पत्ता लांबलचक, '/यूएसआर' पासून सुरू होणारा. त्यात '/यूएसआर' नंतर एक मोकळी जागा पडली. एकच. त्या जागेमुळे एका पत्त्याचे दोन पत्ते झाले, आणि पहिला पत्ता म्हणजे अख्खं यूएसआर फोल्डर, ज्यात यंत्रावरचे बहुतेक सगळे प्रोग्रॅम राहतात. ज्यांनी ते चालवलं त्यांची यंत्रं बसली. आता ती ओळ एडिटरमध्ये उघडा. जागेसह आणि जागेशिवाय, दोन्ही वाक्यं व्याकरणशुद्ध. शब्द सुटे वाचा की झाड बांधून वाचा, कोणताही रंग म्हणणार नाही की बाबा, तू विस्तवानं शिंपतोयस.

मला एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, 'सर, रंग नीट आले म्हणजे प्रोग्रॅम बरोबर ना?' प्रश्न भाबडा वाटेल, पण आपण सगळे मनातल्या मनात तसंच वागतो. नीटनेटकं रंगलेलं पान बघितलं की कुणीतरी तपासलंय असं वाटतं. रंग हा प्रमाण नाही. फार तर व्याकरणाचं लिंग आहे, धूर आहे. आणि धूर कशाचा आहे हे माहीत असल्याशिवाय अनुमान करू नये.

दुसरी तक्रार माझी स्वतःची आहे आणि जरा रागाची आहे. बहुतेक रंगयोजना टिप्पण्यांना, म्हणजे प्रोग्रॅममधल्या माणसांसाठी लिहिलेल्या ओळींना, सगळ्यात फिका रंग देतात. ईथन शूनोव्हर यांची सोलराइज्ड ही २०११ ची गाजलेली रंगयोजना घ्या. विचारपूर्वक केलेली आहे, मला आवडतेही. पण तिच्यातही टिप्पण्या मुद्दाम मुख्य मजकुरापेक्षा मंद. का? तर म्हणे यंत्र त्या वाचत नाही. अहो, पण वाचक यंत्र नाही, मी आहे! हे असं का केलं, कुठे सावध राहायचं, ही ओळ काढली तर काय मोडेल, हे सगळं टिप्पणीत असतं. आपल्या परंपरेत सूत्र चार अक्षरांचं आणि विचार भाष्यात. गीतेच्या ७०० श्लोकांवर ज्ञानेश्वरांनी सुमारे ९००० ओव्या लिहिल्या. या न्यायानं ज्ञानेश्वरी उघडली तर ओव्या सगळ्या करड्या आणि श्लोक तेवढे झळझळीत! आणि टिप्पणीत पिवळं धमक काय दिसतं, तर 'टूडू', 'फिक्समी', म्हणजे राहिलेलं काम. समजावून सांगितलेलं मंद, आणि न केलेलं ठळक. माझ्या विममध्ये मी हे उलटं केलं आहे. 'हायलाइट कमेंट' अशी एक ओळ लिहून टिप्पणीला सगळ्यात उजळ रंग द्यायचा, बस. एकदा करून बघा, ओळखीचा प्रोग्रॅमसुद्धा वेगळा दिसतो.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला रॉब पाइक आहेत. गो भाषेच्या कर्त्यांपैकी एक. त्यांना हे रंगच नकोत. लहान मुलांना अंक शिकवायला रंगीत कांड्या देतात, मोठेपणी त्या सोडायच्या असतात, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं आहे. आणि त्यांना पाठबळ देईल असा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या सुमारे ४०० विद्यार्थ्यांना कोडवरचे प्रश्न दिले, प्रत्येकाला काही रंगासह, काही रंगाविना. उत्तरं बरोबर येण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. तरी पाइक यांचं मला पटत नाही. रंग हा बाळबोध असेल तर आपले पोथ्या लिहिणारे सगळेच बाळ ठरतील. जुनी पोथी पाहा. 'उवाच' या शब्दावर, अध्यायसमाप्तीवर, दंडांवर गेरूचा लाल हात फिरवलेला असतो. शब्द सलग, मोकळ्या जागा नाहीत, तर डोळ्याला टेकायला काहीतरी हवं. ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना शब्द न तोडता वाचणं म्हणजे काय ते माहीत आहे. गेरू समजावून सांगत नाही, जागा सापडवून देतो. तो अभ्यास समजण्याबद्दल होता, सापडण्याबद्दल नव्हता, हे विसरू नये.

आणि पोथीतला दुसरा रंग हरताळ. चूक झाली की त्यावर पिवळा हरताळ फासायचे, 'हरताळ फासणे' तिथून आलं. आमच्या लेखनिकाचा चुकीचा रंग चूक झाकणारा, विमचा चुकीचा रंग लालभडक, चूक उघडी करणारा. इथे मात्र मी विमच्या बाजूचा.

आता थोडं स्वतः करून पाहिलेलं सांगतो. मला बघायचं होतं की मराठी गद्याला, युक्तिवादाच्या गद्याला, असे रंग देता येतात का. नॅनोमध्ये तीन नियमांची फाईल केली. 'म्हणून' हिरवा, निष्कर्ष. 'कारण' पिवळा, हेतू. 'पण' लाल, आक्षेप. लगेच 'आपण' अर्धा लाल झाला, 'टिपण' लाल झालं, 'शहाणपण' लाल. 'राजकारणा'त पिवळं कारण सापडलं, हे मात्र कुणाला कधी सापडलेलं नाही. (हशा) हे अपेक्षितच होतं. मग शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवं अशी अट घातली, तो त्रास गेला. उरला तो खरा प्रश्न. 'मी पण येतो' यातला 'पण' आक्षेप नाही, सोबत आहे. 'पण लावला' यातला तिसराच. 'अध्यक्ष म्हणून निवड झाली' यात निष्कर्ष कुठे आहे? हे कोणत्याही साच्यानं सुटत नाही. वाक्याचं झाड बांधलं तर बरंचसं सुटेल, सगळं नाही.

तरीही ती फाईल मी ठेवली आहे. एका जुन्या विद्यार्थिनीनं प्रबंधाचं एक प्रकरण वाचायला पाठवलं होतं. ते त्यात उघडलं. दहा पानांत हिरवे ठिपके भरपूर, पिवळा जवळजवळ नाही. निष्कर्षामागून निष्कर्ष. आता 'कारण' हा शब्द न वापरताही कारण देता येतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून मी तिला काही कळवलं नाही. पण कुठे वाचायचं ते कळलं. तिथे जाऊन वाचलं, आणि चार ठिकाणी खरोखरच कारण नव्हतं. तेवढी चार ठिकाणं कळवली.

दोन प्रश्न आलेत, ते घेतो आणि थांबतो.

पहिला, लाल आणि हिरवा ज्यांना वेगळे दिसत नाहीत त्यांनी काय करायचं? नुसत्या रंगावर विसंबायचं नाही. विममध्ये रंगाऐवजी किंवा रंगाबरोबर ठळक, अधोरेखित असं सांगता येतं, नव्या नॅनोमध्येही ठळक आणि तिरपं करता येतं. खरं तर सगळ्यांनीच एकदा रंग काढून बघावेत. नॅनोत ऑल्ट आणि वाय दाबा, विममध्ये 'सिंटॅक्स ऑफ'. पुन्हा आणायला तेवढाच वेळ लागतो.

दुसरा, पायथॉनमध्ये फंक्शनला 'बेरीज' असं देवनागरी नाव दिलं तर रंग येईल का? पायथॉनची तिसरी आवृत्ती २००८ ची, तेव्हापासून असं नाव चालतं, प्रोग्रॅम व्यवस्थित धावेल. रंगाचं मात्र नियम कसा लिहिलाय यावर आहे. विमच्या साच्यांत 'शब्दातलं अक्षर' अशी जी तयार खूण आहे, तिच्या लेखी अक्षर म्हणजे रोमन अ ते झेड, अंक आणि खालची रेघ. त्या खुणेवर बेतलेल्या नियमाला 'बेरीज' हे नाव म्हणून दिसतच नाही. भाषेला चालतं, वाचकाला दिसत नाही. नियमांची फाईल साधी मजकुराचीच असते. स्वतःच्या फोल्डरात तिची प्रत घ्या, तो साचा बदला, आणि जमलं तर मूळ सांभाळणाऱ्यांकडे पाठवा. पुढच्या वेळी योग्यतेवरच बोलू, पण मीमांसेच्या बाजूनं, टर्मिनल न उघडता.